उत्सर्जनाचे गणित आणि रस्त्यावरील वास्तव

नवी दिल्ली : मोटारींच्या प्रयोगशाळेतील प्रदूषण चाचणीचा भारतातील ठरावीक वेगक्रम, म्हणजे ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’, ११८० सेकंदांचा आहे. कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, वेगवाढ संथ. युरोपच्या जुन्या वेगक्रमावरच तो बेतलेला असल्याने ‘इंडियन’ हे विशेषण काहीसे उदारच म्हणावे लागेल. दिल्लीच्या रिंग रोडवर किंवा पुण्याच्या चौकांत कोणी तसे वाहन चालवत नाही. सतत थांबणे आणि एकाएकी वेग घेणे यामुळे इंजिनावरील भार क्षणोक्षणी बदलतो. नायट्रोजन ऑक्साइडचे उत्सर्जन नेमके वेग घेताना उसळते.

१ एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारींना रस्त्यावरील चाचणीची मर्यादा लागू झाली, हे मोठे पाऊल होते. मात्र ती वाहनाची परीक्षा आहे, शहरातील वाहनचालनाची नोंद नव्हे. हवेच्या प्रदूषणाचा अंदाज बांधणाऱ्या प्रारूपांना रिक्षा, दुचाकी, टेम्पो अशा सर्वच वाहनांच्या वेगाची सेकंदागणिक नोंद लागते. केवळ सरासरी वेगावर बेतलेला हिशेब कोंडीतील धूर कमी दाखवू शकतो आणि निर्बंध कोणत्या वाहनांवर घालायचे, हे अशाच हिशेबावरून ठरते. रस्त्यावरील जुन्या वाहनांसाठी उरते ती पीयूसी तपासणी. तेथे वाहन जागचे हलत नाही आणि नायट्रोजन ऑक्साइड मोजलेही जात नाही.