साक्षीदाराचा दावा

आउश्वित्झमध्ये ज्यूंना विषारी वायूने मारल्याचे सिद्ध करणाऱ्यास ५० हजार डॉलर! अमेरिकेतील ‘इन्स्टिट्यूट फॉर हिस्टॉरिकल रिव्ह्यू’ने असे इनाम लावले होते. नाव इतिहाससंशोधनाचे; संस्थापक विलिस कार्टो मात्र ‘लिबर्टी लॉबी’ हा अतिउजवा राजकीय गट चालविणारे. इनाम लावणारेही तेच आणि परीक्षकही त्यांचेच. असा सौदा तोट्यात जाण्याची भीती कोणाला?

मेल मर्मेलस्टाईन यांनी हे आव्हान स्वीकारले. १९४४ साली त्यांची आई व दोन बहिणी आउश्वित्झमध्येच मारल्या गेल्या होत्या. ‘दुर्लक्ष करा’, असा सल्ला त्यांना मिळाला. तो त्यांनी मानला नाही, हे योग्यच झाले. कारण अशा ठिकाणी मौनाचा अर्थ निरुत्तर होणे असाच लावला जातो. इनाम मिळेना, तेव्हा त्यांनी लॉस एंजेलिसच्या न्यायालयात दावा लावला. आईचा खून झाला हे मुलाने सिद्ध करावे, ही मागणीच मुळात निर्लज्ज होती. ९ ऑक्टोबर १९८१ रोजी न्यायमूर्ती टॉमस जॉन्सन यांनी ती हत्या पुराव्याची गरज नसलेली वस्तुस्थिती म्हणून नोंदविली. १९८५ च्या तडजोडीत प्रतिवादींना ९० हजार डॉलर द्यावे लागले आणि मर्मेलस्टाईन यांच्याबरोबरच आउश्वित्झमधून वाचलेल्या सर्वांची लेखी क्षमा मागावी लागली.