अर्धवट सोडलेली दाढ

दसरा सरला की नारायणगड परिसरातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. दाढेत औषध भरून घेतलेले काहीजणही त्यांत असतात. ठणका थांबलेला असतो, म्हणून उरलेले काम परत आल्यावर करू, असे ठरते.

आमच्या मते ही चूक महागात पडते. दाढेतील नस मेली की तेथे रक्त पोहोचत नाही. मग मेडिकलवरून आणलेली कॅप्सूल तरी कशी पोहोचणार? म्हणून डॉक्टर मुळाच्या नळ्या सोडियम हायपोक्लोराइटने धुतात आणि आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरतात. जर्मन दंतवैद्य हर्मन यांनी १९२० मध्ये पुढे आणलेले हे औषध म्हणजे मूळचा आपला पानाचा चुनाच! (घरचा चुना मात्र दाढेत कोंबू नये, तोंड भाजते.) वरचे कच्चे सिमेंट जेमतेम काही आठवडे टिकते. ते झिजले की लाळेबरोबर जंतू पुन्हा आत शिरतात आणि पू होतो, तोही फडात, दवाखान्यापासून दूर.

दंतवैद्यांनीही पहिल्याच दिवशी रोग्याला विचारावे, गाव केव्हा सोडणार? पुष्कळ दाढांचे काम आता एकाच बैठकीत उरकते.