जुना प्रोग्राम जपायचा कुणी?

इंग्लंडच्या राजाने १०८६ मध्ये जमीनजुमल्याची मोजदाद करवून ‘डोम्सडे बुक’ तयार करवले. चर्मपत्रावरच्या त्या नोंदी आजही लंडनमधील राष्ट्रीय अभिलेखागारात वाचता येतात. नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने त्याची नवी आवृत्ती काढली. शाळकरी मुलांसह दहा लाखांवर लोकांनी जमवलेली माहिती, छायाचित्रे, नकाशे असे सारे दोन लेझर डिस्कवर साठवले. पंधरा वर्षांतच त्या डिस्क वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली. लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांनी २००२ मध्ये ही माहिती पुन्हा पडद्यावर आणली ती ‘एम्युलेटर’च्या मदतीने.

एम्युलेटर म्हणजे जुन्या संगणकाचे सोंग घेणारे सॉफ्टवेअर. त्यात जुना प्रोग्राम टाकला की तो आपल्याच यंत्रावर असल्यासारखा चालतो. हे सोंग कायद्यात बसते का? यंत्राची नक्कल बहुतेकदा बसते. अडचण येते ती त्यात घातलेल्या प्रोग्रामच्या प्रतीची. प्लेस्टेशनचे खेळ मॅक संगणकावर चालवणाऱ्या कनेक्टिक्स कंपनीला सोनीने कोर्टात खेचले, तेव्हा अमेरिकी अपील न्यायालयाने २००० मध्ये कनेक्टिक्सच्या बाजूने कौल दिला. याउलट मार्च २०२४ मध्ये ‘युझू’ एम्युलेटरच्या निर्मात्यांनी निन्टेन्डोला २४ लाख डॉलर देण्याचे मान्य करून गाशा गुंडाळला. तिथे मुख्य आरोप खेळांवरचे सांकेतिक कुलूप फोडण्याचा होता. तडजोड झाल्याने निवाडा असा झालाच नाही.

जतन करणाऱ्यांची कोंडी वेगळीच. २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असे ‘व्हिडीओ गेम हिस्ट्री फाउंडेशन’च्या २०२३ च्या पाहणीत आढळले. तरीही जपलेले खेळ संशोधकांना घरबसल्या पाहू देण्याची ग्रंथालयांची मागणी ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली गेली. इतर सॉफ्टवेअरसाठी ही सवलत २०२१ मध्येच मिळाली होती. खेळांच्या बाबतीत भीती ही, की लोक अभ्यासाच्या नावाखाली खेळत बसतील! कादंबरी मजेसाठी वाचली जाते म्हणून ग्रंथालयाने ती घरी द्यायचे थांबवल्याचे ऐकिवात नाही.

आपल्याकडे काय? कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२ नुसार, कायदेशीररीत्या मिळालेल्या प्रोग्रामची बॅकअप प्रत काढता येते. मात्र हरवणे वा खराब होणे यापासून तात्पुरते संरक्षण म्हणून, आणि मूळ कामासाठीच. वैयक्तिक, बिगरव्यावसायिक वापरासाठीही प्रत चालते. कुलूप फोडणाऱ्याला कलम ६५अ दोन वर्षांपर्यंत कैद सांगते, पण हेतू हक्कभंगाचा असेल तर. त्यामुळे स्वतः विकत घेतलेल्या जुन्या खेळाची स्वतः काढलेली प्रत एम्युलेटरवर चालवणाऱ्याची बाजू इथे बरीच भक्कम आहे. इंटरनेटवरून उतरवलेल्या ‘रॉम’ला मात्र हा आधार नाही. ‘आता कुणी विकत नाही, म्हणजे फुकट’ ही समजूतही चुकीची. आपल्याकडे संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते.

खरी गोची ग्रंथालयांची आहे. २०१२ च्या दुरुस्तीने त्यांना जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवू दिली, पण त्या कृतीची ‘बिगर-डिजिटल’ प्रत आधीपासून त्यांच्याकडे असेल तरच. पुस्तकाला हे लागू पडते. फ्लॉपीवरच जन्मलेल्या प्रोग्रामची बिगर-डिजिटल प्रत आणायची कुठून? बॅकअपची सवलत प्रोग्राम वापरणाऱ्याच्या कामापुरती आहे, पुढच्या पिढीसाठी संग्रह करण्यापुरती नाही.

हा प्रश्न खेळांपुरता नाही. अनेक प्रयोगशाळांत एखादे महागडे उपकरण चालवण्यासाठी विंडोज ९८ चा संगणक अजून जिवापाड सांभाळलेला असतो. युनिकोड येण्याआधी मराठी पुस्तके, दिवाळी अंक ज्या डीटीपी सॉफ्टवेअरवर जुळवले गेले, त्यांत अक्षरांचे संकेत कंपनीगणिक वेगळे होते. त्या फाइल आज उघडल्या तर पडद्यावर रोमन अक्षरांचा काला दिसतो. त्या नीट वाचायला जुने सॉफ्टवेअर लागते, जुने विंडोज लागते आणि काही वेळा प्रिंटरच्या पोर्टला लावायचा डोंगलही. तो हरवला असेल आणि विकणारी कंपनीही उरली नसेल, तर त्याचे कुलूप उघडून त्या फाइल वाचण्याची मुभा प्रकाशकाला आहे, असा अर्थ कलम ६५अ मधून काढता येतो. तेच काम एखाद्या ग्रंथालयाने सर्वांसाठी करावे, अशी तरतूद मात्र कायद्यात नाही.