ढग आहेत, पण पळतायत!

पाच मिनिटं. मोजून पाच मिनिटं! आयुष्यातली माझी पहिली (आणि आजवरची एकमेव) ग्लायडर राइड एवढ्यात आटोपली. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. हडपसरचं ग्लायडिंग सेंटर, ढगाळ सकाळ. विंचच्या केबलने आम्हाला ओढत तीनशे मीटरवर नेलं, केबल सुटली, इंजिन नाहीच, कानाशी फक्त वाऱ्याचं सूं सूं... आणि 'वॉव' म्हणेपर्यंत खाली गवत! मागच्या सीटवरचे इन्स्ट्रक्टर शांतपणे म्हणाले, "आज हवा बसलीय."

हवा बसलीय? हवा काय माणूस आहे, बसायला?

पण हिशेब सरळ आहे. शांत हवेत साधं ग्लायडर सेकंदाला सुमारे एक मीटर खाली येतं. तीनशे मीटर, तीनशे सेकंद, खेळ खल्लास. जास्त वेळ वर राहायचं तर खालून वर उठणारी हवा गाठावी लागते. तिला म्हणतात थर्मल. जमीन तापते, जमिनीलगतची हवा तापते, हलकी होते आणि वर निघते. आमच्या त्या सकाळी ढगांमुळे जमीन तापलीच नव्हती.

तेव्हापासून सोलापूर रोडने मामाकडे जाताना माझं लक्ष रस्त्यावर कमी आणि वर जास्त असतं. (काळजी नको, गाडी नवरा चालवतो.) मामाची शेती इंदापूर तालुक्यात, कडबनवाडीच्या बाजूला. भिगवण आलं की पब्लिक मासे खायला थांबतं, मी घारी बघते. उजनीच्या पाण्यावर दुपारी घिरट्या घालत वर चढणारी घार क्वचितच दिसते. पाणी तापायला वेळ लागतो, त्यामुळे तिथे थर्मल नाही. उसाच्या फडावरही तसंच. उन्हाची बरीचशी ताकद तिथे पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, हवा तापवायला उरतं थोडं. पण पुढे मुरमाड माळ लागला की बघा! घार पंख न हलवता गोल गोल फिरत ठिपका होते. बारामती-इंदापुरात ही दोन्ही जगं शेजारी आहेत. इंग्रजांच्या काळातला नीरा डावा कालवा जिथे पोहोचला तिथे ऊस, नाही पोहोचला तिथे माळ. मामाचं रान माळावर.

मागच्या जूनचा शेवटचा शनिवार. मामा अंगणात बसलेला, बाजूला बाजरी आणि तुरीच्या बियाण्याच्या पिशव्या, डोक्यावर पांढऱ्या ढगांची रांग. मला बघताच म्हणाला, "तुझ्या त्या मोबाइलात बघ गं, काय म्हणतंय आभाळ?"

झालं! मला चान्सच मिळाला. ॲप उघडलं. सकाळी आर्द्रता ८९ टक्के होती, दुपारी ५५. आपल्याला वाटतं हवा कोरडी झाली. चूक! वाफ तेवढीच आहे. फक्त तापमान २४ वरून ३२ अंशांवर गेलं आणि गरम हवेची वाफ मावून घ्यायची ताकद वाढली. म्हणून ग्लायडरवाले टक्क्यांपेक्षा दवबिंदू बघतात, म्हणजे ज्या तापमानाला हवा थंड केली की वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान. त्या दिवशी तो सकाळीही २२ होता, दुपारीही २२. आता मजा बघा. वर जाणारी हवा दर किलोमीटरला सुमारे दहा अंश थंड होते, तिचा दवबिंदूही किंचित खाली सरकतो. दोघांची गाठ पडते तिथे ढगाचा तळ. सोपा फंडा : तापमानातून दवबिंदू वजा करा, १२५ ने गुणा. दहा गुणिले १२५. ढगाचा तळ साडेबाराशे मीटरवर!

"बरं," मामा म्हणाला. "मग पेरू का नको?"

मी गप्प.

कारण माझ्या गणितातून कळत होता फक्त तळ. पाऊस ठरतो ढगाच्या उंचीवर, आणि ढगाचा माथा खालून दिसत नाही. तो किती वर जाणार हे ठरवते आजूबाजूची हवा. वर निघालेली हवा भोवतालच्या हवेपेक्षा गरम आहे तोवर चढते, बरोबरी झाली की थांबते. वर गारवा असेल तर हवा 'उठलेली', म्हणजे अस्थिर. वरचा थर उबदार असेल तर झाकण घातल्यासारखं, हवा 'बसलेली'. हिवाळ्यात सकाळी गुऱ्हाळाचा धूर थोडा वर जाऊन चादरीसारखा आडवा पसरतो ना? तेच ते झाकण.

यात वाफेचा रोल डबल आहे. एक तर दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते (हो, हलकी! जड वाटतो तो आपला घाम). आणि ढगात वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे ढगातली हवा चढताना कमी थंड होते. वर गारवा असेल तर ढग स्वतःच इंजिन होतो. मे महिन्यातला वळीव, गारा, कडकडाट, सगळं तिथून. अशा ढगापासून शहाणा ग्लायडर पायलट लांब पळतो, तो आत ओढून घेतो.

जून-जुलैत मात्र मामाच्या डोक्यावर नेमकं उलटं घडतं. पश्चिमेचा वारा सह्याद्रीवर पाणी ओतून येतो, घाट उतरताना दाबला जाऊन गरम होतो. ढग बनतात, पण बऱ्याचदा वरच्या कोरड्या, उबदार थराखाली चपटेच राहतात आणि वाऱ्याबरोबर सोलापूरकडे निघून जातात. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास, इथे साधारण पाचशे.

"मग ते इमानातनं मीठ टाकत्यात, त्याचं काय?" मामाचा पुढचा बाउन्सर.

मामाला हे माहीत असणारच. १९७३ ते १९८६ दरम्यान अकरा पावसाळे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने बारामती परिसरातच हा प्रयोग केला होता. ४८०० चौरस किलोमीटरचा टापू, त्याचे तीन पट्टे. मधला हात न लावलेला. दोन बाजूंपैकी कुठल्या पट्ट्यावरच्या ढगात मिठाची पूड टाकायची, ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरायचं, म्हणजे निकालात आपली इच्छा घुसायला नको. पाऊस सुमारे २४ टक्के वाढल्याचा निष्कर्ष निघाला. पण एक कंडिशन होती आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते : ढग एक किलोमीटरपेक्षा जाड हवा, त्यात पाणीही पुरेसं हवं. त्याहून पातळ ढगात मीठ टाकलं तर तो विरायलाच लागायचा! म्हणजे बसलेली हवा मिठानेही उठत नाही.

हे सगळं मी मामाला सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. गेल्या साली अशाच ढगांना भुलून त्याने पेरलं होतं, उगवलं, करपलं, पुन्हा पेरलं. बियाणं दोनदा, ट्रॅक्टरचं भाडं दोनदा. मी महिन्याला जेवढे पैसे कॉफीवर उडवते त्याचा हिशेब मी त्या क्षणी मनात लावला आणि लगेच सोडून दिला.

मामा उठला, बांधापलीकडे जाऊन मातीत बोट खुपसलं.

"ओल न्हाई गं. बोटभरबी न्हाई."

पिशव्या उचलून आत ठेवल्या. मामीने चहा आणला. वर एक घार फिरत फिरत ढगाच्या तळापर्यंत चढली आणि तिथून सरळ पूर्वेला सरकली.

बुधवारी मी मीटिंगमध्ये असताना त्याचा फोन आला. बाहेर येऊन विचारलं, "काय मामा, ढग आले का?"

"आल्यात की. लई आल्यात. पर पळत्यात."