संगणकाच्या कारागिराची हत्यारे

१७ सप्टेंबर हा दिवस मराठवाड्याच्या दृष्टीने अनन्यसाधारण आहे. १९४८ साली याच दिवशी हा प्रदेश निजामी राजवटीतून मुक्त झाला. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापनाही १९९४ मध्ये याच दिवशी झाली. भारतीय मजदूर संघ हाच दिवस विश्वकर्मा जयंती, अर्थात राष्ट्रीय श्रम दिन म्हणून पाळतो. मुक्ती, विद्या आणि श्रम यांचा असा संगम ज्या भूमीत झाला, तेथील संगणक अभियंता आज कोठे आहे? बहुधा पुण्याच्या हिंजवडीत!

लातूर पॅटर्नने गुणवंत विद्यार्थी दिले. १९८१ साली नांदेडमध्ये सुरू झालेल्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेने अभियंते दिले. मराठवाड्याने आपले कर्तव्य केले. या बुद्धीचा विनियोग कंपन्या कसा करतात, हा खरा प्रश्न आहे.

काचेच्या इमारती आणि उपाहारगृहे यांवर मुक्तहस्ते खर्च होतो. प्रत्यक्ष कामाची स्थिती मात्र अनेकदा वेगळी असते. नव्याने रुजू झालेल्याचे पहिले कित्येक दिवस संगणक कामाजोगा करून घेण्यात आणि परवानग्या मिळविण्यात जातात. जुनी प्रणाली अशी का रचली, हे कोठेही लिहिलेले नसते. ते एखाद्या ज्येष्ठाच्या डोक्यात असते. किरकोळ बदलाच्या चाचणीस तास लागतात आणि बैठकांमुळे एकाग्रता भंगते. काम रेंगाळले की माणसे वाढविली जातात. रेंगाळलेल्या कामात नवी माणसे घातली, तर ते अधिकच रेंगाळते, हे फ्रेडरिक ब्रूक्स या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९७५ सालीच दाखवून दिले होते.

भरघोस पगार दिल्यावर आणखी लाड कशासाठी, असा व्यवस्थापनाचा आक्षेप असतो. परंतु हे लाड नव्हेत. सुताराच्या पटाशीला धार लावणे म्हणजे सुताराचे लाड करणे, असे कोणी म्हणत नाही. खंडेनवमीला आपण हत्यारे पुजतो, कारण भाकरी त्यांवर अवलंबून असते. बोथट हत्याराने कंटाळलेला अभियंता नोकरी सोडतो, तेव्हा त्या प्रणालीचे ज्ञानही त्याच्यासोबत जाते. हा तोटा ताळेबंदात दिसत नाही, एवढेच.

मराठवाड्याचे हित येथेच गुंतले आहे. २०२० च्या टाळेबंदीत अनेक अभियंते गावी परतले आणि घरूनच काम करू लागले. जेथे सारे लेखी नोंदलेले आहे आणि चाचण्या आपोआप होतात, तेथे शेकडो किलोमीटरचे अंतर आड येत नाही. जेथे प्रत्येक गोष्ट शेजारच्या खुर्चीला विचारावी लागते, तेथे हिंजवडीला पर्याय उरत नाही. म्हणजेच उत्तम साधने आणि लेखी माहिती यांवरील गुंतवणूक हा लातूर-नांदेडकडे काम आणणारा मार्गही आहे. केवळ करसवलतींनी तो खुला होणार नाही.

दत्तोपंत ठेंगडी यांनी उद्योगाच्या श्रमिकीकरणाचा विचार मांडला. श्रमिक हा उद्योगाचा भागीदार आहे, ही त्यामागील धारणा होती. कळफलकावर राबणारा हातही श्रमिकाचाच आहे. वर्षातून एकदा यंत्राला हार घालणाऱ्या कंपन्यांनी उरलेले दिवस त्या हाताची अडचण विचारली, तर विश्वकर्म्याची खरी पूजा घडेल आणि आईवडिलांना गावी सोडून निघालेला लेक कदाचित घरीच राहील.