प्रतिनाटक ही चोरी नव्हे

तोप्पिल भासी यांचे ‘निंगळेन्ने कम्युनिस्टाक्की’ हे मल्याळी नाटक १९५२ साली रंगभूमीवर आले. पुढे सिविक चंद्रन यांनी त्यातीलच पात्रे व संवाद घेऊन प्रतिनाटक रचले आणि विचारले : चळवळीसाठी झिजलेल्या दलितांच्या पदरी काय पडले? भासींच्या वारसांनी स्वामित्वहक्काचा दावा लावला. मूळचे किती घेतले, कोणत्या हेतूने घेतले व मूळ नाटकाशी स्पर्धा होईल काय, हे पाहून केरळ उच्च न्यायालयाने १९९६ साली प्रतिनाटकास मोकळीक दिली. १९५७ च्या कायद्याचे कलम ५२ टीकेसाठी न्याय्य वापरास मुभा देतेच. लेखकाच्या श्रमाचे मोल त्यास अवश्य मिळावे. परंतु जाब विचारणाऱ्याचे तोंड बंद करण्याचा अधिकार त्या मोलात येत नाही. ज्या शब्दांस जाब विचारावयाचा, ते शब्द उच्चारल्यावाचून गत्यंतर नसते.