वृद्धांचे हात रिकामे करू नका

उतारवयात माणसाने स्वस्थ बसावे, असा आपल्या घरोघरी प्रेमाचा संकेत आहे. “आजोबा, आता पुरे, आम्ही करतो,” असे म्हणून आपण त्यांच्या हातचे काम काढून घेतो आणि आपले कर्तव्य झाले असे समजतो. आमच्या मते ही सेवा नव्हे. हा नकळत घडणारा अन्याय होय.

सालेकसा तालुक्यातील कचारगडची गुहा गोंड समाजाचे तीर्थस्थान म्हणून सर्वांस परिचित आहे. माघ पौर्णिमेस तेथे अनेक राज्यांतून भाविक लोटतात. याच वनप्रदेशात बांबूही विपुल. वाचकहो, बांबूची टोपली विणणाऱ्या वृद्धाजवळ घटकाभर बसून पाहा. कामटी एकसारखी सोलावयाची, ती किती वाकेल व कोठे मोडेल हे बोटांनी ओळखावयाचे, विणीची घरे मनात मोजावयाची. डोळा, बोट, स्मरण व अवधान ही सारी एकाच वेळी राबतात. मेंदूच्या ज्या भागातून शरीराच्या हालचाली चालतात, त्यात हातांच्या वाट्यास फार मोठी जागा आहे, हेही येथे ध्यानी घ्यावे.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ७० ते ८९ वर्षे वयाच्या १३२१ वृद्धांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध केली. विणकामासारख्या हस्तकला करणाऱ्यांत बुद्धिमांद्याची प्रारंभिक लक्षणे कमी आढळली. ज्यांची बुद्धी शाबूत, तेच काम करीत राहिले असतील, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे. परंतु २०१४ साली डेनिस पार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात वृद्धांस तीन महिने गोधडीकाम, छायाचित्रण अशा कला नव्याने शिकविल्या होत्या. केवळ गप्पागोष्टींत रमलेल्यांपेक्षा या शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती अधिक सुधारली.

अर्थात पोटासाठी दिवसभर विड्या वळून बोटे झिजविणे निराळे. त्या कष्टांचे आम्ही गोडवे गात नाही. ज्या कामात मन गुंतते आणि काही नवे शिकावे लागते, तेच काम बुद्धीस पोषक ठरते.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, या सुटीत आजीआजोबांच्या हातचे काम काढून घेण्याऐवजी त्यांच्याजवळ बसून ते शिका, आणि एखादे नवे काम त्यांसही शिकवा. त्यांची बुद्धी जागती राहील, आणि पुस्तकांपलीकडे काही न जाणणारे आपले हातही शहाणे होतील.